टाचण

रविवारी रात्री सोमवारचं टाचण काढते.
विषय: आहार. वेळ: चाळीस मिनिटं.
उद्दिष्ट:
आणि इथेच पेन अडतं.

मागच्या वर्षीचा तक्ता आहे अजून,
प्रथिनं तांबडी, कर्बोदकं पिवळी.
त्यातला टोमॅटो केयूरनं चाटला होता
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की फसवलं मीच.
खरंच होतं ते.

म्हणून तक्ता नको.
खंडेराव मार्केटातून आणलेत
दोन टोमॅटो, एक पिकलेला, एक हिरवा,
मुठीत मावेल एवढा बटाटा,
मूठभर मूग, मोड रोज थोडे थोडे बघता येतात म्हणून.
गाजर किसूनच, पर्सिसला गिळताना ठसका लागतो.
किसणी मी धरायची.

हेमाली पांढरंच खाते: भात, दही, मुरमुरे.
तिच्या ताटात हिरवं वाढायचं नाही,
ताटाशेजारी ठेवायचं.
आठवडाभर नुसतं शेजारी.
तपासणीला कुणी आलं तर याला काय म्हणू?
'परिचय' म्हणू.

तौसीफची आई म्हणते, ताट संपतं, याची भूक संपत नाही.
त्याला जीवनसत्त्वं सांगून काय करू?
महिनाभर एकच शब्द घेतलाय त्याच्यासाठी,
पोटावर हात ठेवून, सावकाश:
बस.
गुजरातीत चालतो, त्याच्या घरी चालतो,
माझ्याही.
उसळीचा चमचा हवेत, हात पोटावर, बस.
चमचा पुन्हा ताटात.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत
मी नेहमीसारखी कपाटाशी उभी,
एका हातात हजेरीपट, दुसऱ्यात पोळीची गुंडाळी,
भराभर.
तौसीफ आला. खुर्ची फरशीवरून
करकरत ओढली माझ्यापर्यंत
आणि म्हणाला, अगदी स्पष्ट:
बस.

मी पोळी खाली ठेवली. पुरे म्हणतोय?
त्यानं जोरजोरात मान हलवली,
खुर्ची थोपटली.
कुठून उचललं हे मराठी?
मग आठवलं, शेवंताबाई दिवसभर
पोरांच्या मागे हेच म्हणत फिरतात,
बस रे, बस बाळा, बस ना.

बसले.
पोळीत मेथी होती. सकाळी मीच घातलेली.

उद्दिष्टाचा रकाना अजून रिकामाच.
साहित्यात, किसणीच्या खाली लिहिते:
खुर्च्या आठ.
मुलं सात आहेत.
आणि बटाटा उकडूनच न्यावा,
केयूर थांबायचा नाही.