अर्धा गुण

तीस वर्षं सातवी 'ब'ला मी शिकवलं:
सुदान. राजधानी खार्टूम.
मुख्य पीक, लांब धाग्याचा कापूस.
छडीचं टोक नेमकं त्याच ठिपक्यावर,
इतक्या वेळा, की नकाशाला तिथं भोक पडलं.

त्या भोकातून एक दिवस
मुतासिम आला, गोपालनगरच्या माझ्या फाटकाशी,
हातात फार्मसी कॉलेजचं पत्र.
"मॅडम, रूम?"

मी आधी त्याच्या खांद्यामागं पाहिलं, आणखी किती आहेत ते.
मग दीडपट डिपॉझिट सांगितलं.
मग वहीच्या पानावर नियम, लाल पेनानं:
दहानंतर फाटक बंद. पाहुणे नाहीत. मांस नाही.
गच्चीवर जायचं नाही.
हा शेवटचा का लिहिला, मलाही सांगता येणार नाही.
सावरबांधेबाई कंपाउंडवरून म्हणाल्या,
"काऊन वो मॅडम, दुसरं कोनी भेटलंच नाई का तुमाले?"
मी हसले.
म्हणजे उत्तर दिलं.

मे महिना. रात्री लाईट गेली.
कुलरची घरघर थांबली की नागपुरात माणसं जागी होतात.
उशी घेऊन वर निघाले
तर जिन्यात हा. ओली चादर गुंडाळून,
गच्चीच्या दाराच्या अलीकडच्या पायरीवर.
नियमाच्या बरोबर एक पायरी खाली.

"ये," एवढंच म्हटलं.

पलीकडच्या गच्चीवरून सावरबांधेबाई,
"बाप्पा, तुमच्याकडं बी इतकं तपते का रे?"
"इससे जादा, आंटी. चादर गीली करो."
त्या खाली गेल्या. चादर भिजवून आल्या.

मला दुसरं काय येतं? मी तोंडी परीक्षा घेतली:
दोन नाईल कुठं मिळतात?
तो हसला. मिळतात, मॅडम, पण लगेच मिसळत नाहीत.
एक मातकट, एक फिकट,
कितीतरी लांब शेजारी शेजारी वाहतात.
पुलावरून दिसतं.
मग थांबला. दिसायचं, म्हणाला.
घरचा फोन तीन आठवडे लागत नाहीये.

तीन आठवडे. माझ्याच घरात, खालच्या खोलीत.
आणि मी रोज फाटकाची वेळ बघत होते.

तीनला लाईट आली. तो झोपला होता.
मला वैजयंता मेश्राम आठवत राहिली,
शेवटचा बाक. निळा खडू संपला
म्हणून तिनं अर्धी नदी तपकिरी रंगवली होती.
मी अर्धा गुण कापला होता,
लाल पेनानं,
समासात लिहून: नीट बघून काढ.