मानस

नळी क्रमांक सतरा. इनास रिबेलो, वय एकसष्ट, चोडण.
मानेला गाठ. उजवीकडे.
धंदा विचारला तर म्हणाला, ‘मानशीवर असतो.’
पेन थांबलं माझं.
त्याने बाहीचं बटण उघडता उघडता समजावलं:
खाजनाच्या बांधात लाकडी दार असतं, बाई,
त्याला मानस म्हणतात.
भरती बाहेरून रेटते, मिटतं.
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलतं, उघडतं.
‘मग तुम्ही काय करता?’
‘ऐकतो.’

बांबोळीला रात्री अकरा वाजता
त्याच्या रक्तातल्या मारेकरी पेशी मी निवडून घेतल्या.
शहाण्णव खड्ड्यांची बशी.
प्रत्येक पेशीत हातभर लांबीचे दोन धागे,
गुंडाळून, दाबून, गाठी मारून ठेवलेले.
मारायचं कसं ते सगळं त्यात आहे.
बहुतेक मिटलेलं.

वरच्या ओळीला इंटरल्युकिन-दोन, भरपूर.
निरोप दारातच थांबतो.
आतल्या बाजूला फॉस्फेटची एक टाचणी टोचली जाते,
स्टॅट-पाच जागा होतो, जोडीदार शोधतो,
दोघे केंद्रकात शिरतात
आणि धाग्याचा नेमका तेवढाच पीळ सैल होतो.
परफोरिन, भोक पाडायला.
ग्रँझाइम, भोकातून आत जाऊन मोडायला.
बारा नंबरचं मिसळलं तर घाई आणखी वाढते.
चौथ्या दिवशी त्या सुजून टपोऱ्या झाल्या होत्या.
दहाव्या दिवशी कचरा.

खालच्या ओळीला नुसतं पंधरा,
मुंगीच्या पाण्याएवढं.
त्या काहीच करत नाहीत.
लहान राहतात, हळू श्वास घेतात,
पण ग्रँझाइमजवळचा पीळ
पुन्हा पूर्ण आवळत नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी त्याला हे सांगितलं,
शक्य तेवढं सोपं करून.
तो हसला. ‘फळी फुगते ना, तसं.
पावसाळाभर पाणी प्यायलेली फळी
दिवाळीला वाळली तरी
आधीसारखी बसत नाही चौकटीत.
पुढची ओहोटी तिला लवकर कळते.’
मी हे वहीत लिहिलं. तारीख घातली.
मग मागून एक ओळ: उपमा जपून वापरावी.
फळीला कोणी मरायला सांगत नाही.

तिसऱ्या खेपेला तो आला नाही.
मुलीचा, सेबास्तियानाचा फोन आला,
फेरीच्या इंजिनाच्या आवाजात निम्मं ऐकू आलं.
बाबा आता उठत नाही म्हणाली.
मानशीवर कोण आहे, असं मी विचारलं,
आणि विचारल्यावर लाज वाटली.
‘भाऊ जातो,’ ती म्हणाली.
‘त्याला अजून ऐकू येत नाही.’

आज सोमवार. ड-चार या खड्ड्यात
एकवीस दिवसांच्या त्याच्या पेशी आहेत.
माध्यम बदललं. पंधरा घातलं, थोडंच.
सूक्ष्मदर्शकाखाली गोल, शांत, चकचकीत.
कशाची तरी वाट बघत असाव्यात,
असं वहीत लिहिता येत नाही.
झाकण लावलं.
सदतीस अंश.