पायरी

नायगावच्या म्युनिसिपल शाळेतली जिन्याकडची भिंत,
निळ्यावर पांढरं, ऑइलपेंट.
अक्षराला चाळीस रुपये.
जोडाक्षराचे पूर्वी जास्त घ्यायचो. सोडून दिलं.
फ्लेक्सच्या जमान्यात अर्ध्या सकारासाठी कोण भांडणार?

चिठ्ठीत होतं: स्वतःला ओळखा.
खाली आडवी रेघ, पुढे एक नाव, खोडलेलं.
शेजारी दुसरं. तेही खोडलेलं.
मग प्रश्नचिन्ह.
त्याचे पैसे धरायचे की नाही, मला कळेना.

"बाई, खाली कुणाचं नाव घालू?"

ठोसरबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"तीच तर पंचाईत. हे वाक्य कुणाच्याही नावावर खपतं.
सात शहाणे होते म्हणतात,
त्यातला नेमका कोण, ते कुणी छातीठोक सांगत नाही.
दगडावर होतं, एवढं नक्की.
ग्रीसमध्ये, डोंगराच्या कुशीत एक देऊळ.
लोक तिथं कौल लावायला जायचे,
राजेसुद्धा, लढाईला निघण्याआधी.
तिथं कोरलेलं होतं."

"कोरणाऱ्याचं नाव?"
बाईंना ते ठाऊक नव्हतं.
म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी.
अक्षराला काय घेत असेल?

दोरी निळीत बुडवली, ताणली, टण्कन सोडली.
भिंतीवर सरळ रेघ उमटली.

"आणि अर्थ?" मी विचारलं. गप्प बसून हात चालत नाही माझा.

"आपण मुलांना सांगतो, मनात डोकवा, गुण शोधा.
माझ्या भाच्यानं परवा एका शिबिरात
याच वाक्याचे अडीच हजार भरले.
पण त्या देवळात म्हणे अर्थ साधा होता.
आत देव आहे, तू माणूस आहेस,
मरणार आहेस, विसरू नकोस.
आपल्याकडे नाही का म्हणत,
आपली पायरी ओळखून राहा."

मी खडूनं पुसट 'ओ' काढत होतो.
अर्ध्यावर थांबलो.

हे वाक्य आमच्या घरात आहे, बाई.
आजोबांना ते देवळापुढेच मिळालं होतं,
पहिल्या पायरीच्याही अलीकडे, हातात नारळ असताना.
सांगणारा वरच्या पायरीवर उभा.
त्याला, तुझी ओळख, असं कुणीच म्हणत नव्हतं.
आजोबांनी नारळ तिथं ठेवला नाही.
तसाच घेऊन मुंबई गाठली,
इथं मागच्याच बीडीडी चाळीत
मोरीच्या उंबऱ्यावर फोडला,
चौदा जणांत वाटला.
पाणी खारट लागलं, असं आजी सांगायची.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
घंटा झाली, मुलं धडधडत उतरली, जिना रिकामा झाला.
"मीही म्हटलंय हे," त्या म्हणाल्या. "किती सहज."

तो दगड मला दिसत राहिला.
राजा आला तरी तेच सांगणारा,
मेंढपाळ आला तरी तेच.
माणूस बघून शब्द बदलायला त्याला तोंड नव्हतं.

"बाई, ही भिंत कुणाला दिसते?"
"मुलांना."
"आणि साहेब, नगरसेवक, बक्षीस समारंभाचे पाहुणे?"
"ते पुढच्या दारानं येतात."

ओल्या फडक्यानं 'ओ' पुसला.
शिडी उचलली, पुढच्या दाराकडे नेली.

चौकटीवर सहा अक्षरं बसवली.
'ळ' जरा पोटात फुगला, चालेल.
खाली आडवी रेघ मारली
आणि पुढची जागा कोरी ठेवली.
माझं नाव मी कोपऱ्यात घालतो एरवी, तेही नाही घातलं.

सोमवारी दोनशे चाळीसचं बिल घेऊन गेलो
तर रेघेपुढे खडूनं लिहिलेलं:
निकिता घोक्षे, तिसरी ब.

एवढ्या उंचावर!
कुणाच्या खांद्यावर चढली असेल?

शिपाई फडकं घेऊन उभा होता.
बाई म्हणाल्या, राहू दे.
मी मान वर करून बघत राहिलो.
क्ष माझ्याहून बरा काढला होता पोरीनं.