बारा वाजून सतरा

जनकगंजातली आमची गच्ची.
दोन बांबूंमध्ये तांब्याची तार,
तारेखाली कुरडया वाळत.
दर मंगळवारी एकवीस मेगाहर्ट्झवर
मोंबासाहून कावसजी येतो.

"डॉक्टर म्हणाले, ती गाठ..."
आणि पट्टा मेला.
बटण फिरवत गेलो या टोकापासून त्या टोकापर्यंत,
एक स्टेशन नाही.
ओली गोधडी टाकल्यासारखी शांतता.

फ्यूज पाहिला. तार ओढून पाहिली.
मग वर पाहिलं.
तो होता तसाच, लष्करावर पांढरा टळटळीत.
आठ मिनिटांपूर्वी तिथे काहीतरी फुटलं,
आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या
विरळ हवेनं कावसजीचं वाक्य गिळलं.

लांब लहरींचा जुना खोका लावला.
तिथे उलटच!
कुठल्या कुठल्या मुलखातल्या विजा
शेजारी कुणी शेंगा फोडाव्यात
इतक्या जवळ.

"जेवणार आहात, की तारेवरच वाळणार?"
खालून वेणूताई.

पाऊण तासानं खरखर.
खरखरीतून तो:
"मधे तुटलं का रे? ते गाठीचं ऐकलंस ना?"

मी माइकचं बटण दाबलं,
सोडलं,
पुन्हा दाबलं.
"ऐकलं," म्हणालो.

कुरडया एका बाजूनं कडक झाल्या होत्या.