चार सूत

तौसिफ म्हणाला, "चाचा, अर्धा इंच म्हणजे चार सूत."
मला हसू आलं.
एकतीस वर्षं सूतच सांभाळलं, पोरा.
पण ते वेगळं.

साखर पेठेतल्या शेडचे आठ माग
भंगारवाल्यानं किलोवर नेले, त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
मालकांनी हिशेब चुकता केला, वर दोन चादरी दिल्या,
माझ्याच मागावरच्या.
एकीच्या काठाला धागा सुटलेला होता.
कुठं, ते न उलगडता सांगितलं असतं.

त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसलो.
फॉर्मवर शिक्षण: चौथी.
अनुभवाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
रेघ ओढली.

एल्बो, टी, सॉकेट, युनियन.
रात्री अनसूया विड्या वळता वळता परीक्षा घेई.
"नहाणी ट्रॅप?"
"घाण वास अडवतो."
"चेक व्हॉल्व्ह?"
"गेलेलं पाणी मागं येऊ देत नाही."
"आधी येऊ तर दे म्हणावं,"
आणि सुपातलं पुढचं पान उचलायची.

हात लवकर शिकले.
आट्यांवर टेप कशी ओढून गुंडाळायची
ते तौसिफला एकदाच दाखवावं लागलं.
चालत्या मागावर तुटला धागा जोडणाऱ्या बोटांना
त्यात काय अवघड?
कान मात्र मागांनीच ठेवून घेतलेत.
टपटप मला ऐकू येत नाही.
बाकीची पोरं कान लावतात, मी पाईपावर तळवा ठेवतो.
धोटा अडकायच्या आधी मागाला जी बारीक थरथर सुटायची,
गळती तशीच असते.

पहिलं काम जुळे सोलापुरात, तळमजल्यावर.
बाईंनी दार उघडून माझ्या मागं बघितलं,
"प्लंबर कुठंय?"
"आलाय," म्हणालो.
सिंकखाली शिरताना गुडघा वाजला,
तेवढा बरोबर ऐकू आला.

सरळ लाईनचा जोड. कापला, घासला, सोल्युशन लावलं, बसवला.
आणि पाणीच नाही.
पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
तोवर कुठलाच जोड खरा नसतो,
खोटाही नसतो.
बाईंनी साडेतीनशे पुढं केले.
म्हणालो, गुरुवारी.

दोन रात्री सोल्युशनचा वास बोटांवरून गेला नाही.
अनसूया म्हणाली, पैसे घ्यायचे होतेस,
गॅस संपत आलाय.
तिचंही खरं होतं.

गुरुवार, पहाटे साडेतीन.
कोपऱ्यावर चावीवाल्यानं चावी सोडली.
मी सिंकखाली उताणा, बॅटरी दातांत.
आधी पाईपातून हवा आली, खोकत,
म्हाताऱ्या माणसासारखी,
मग पाईप गार पडत गेला.
तळवा जोडावर.
बाई दारातून काहीतरी विचारतायत.
हात वर करून थांबा म्हटलं.
थरथरतंय.
पाणी आहे
की माझाच हात,
तेवढं कळू दे.