हयातीचा फोटो

खानापुरात समुद्र नाही.
माझ्या स्टुडिओत आहे, पडद्यावर रंगवलेला,
उजव्या कोपऱ्यात पोपडे धरलेला.
पूर्वी त्याच्यापुढे लग्नाच्या मुली बसायच्या.
आता त्या आपले फोटो आपणच काढतात.

पाटी दोनदा रंगवून झाली,
वरची अक्षरं खाली गेली, खालची बारीक झाली.
पेंटर तोच होता, पैसे दोन्ही वेळा घेतले त्यानं.

दिवाळी झाली आणि शटर ओढलं,
दुंडाप्पाच्या ओमनीतून निघालो
दीपगृहांचे फोटो काढत.
"दिवा बघायला एवढं पेट्रोल जाळूलालास?"
म्हणाला, आणि पुढं लिंबू-मिरची बांधली.

कणकुंबीला मलप्रभा उगवते.
तिथून समुद्र घाट उतरला की आलाच,
तरी ती त्याला पाठ करून पूर्वेची वाट धरते,
सगळं दख्खन चालत दुसऱ्याच समुद्राला जाते.
"असते एकेकीची खोड," दुंडाप्पा म्हणाला
आणि चोर्ल्याच्या पहिल्या वळणाला गिअर पाडला.

वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत पाच दिवस.
एक पांढरं, नुकता चुना दिलेलं.
एक पाण्यात, खडकावर;
होडीवाल्यानं दीड हजार सांगितले,
म्हणून काठावरूनच घेतलं,
फोटोत ते खडूच्या तुकड्याएवढं आलंय.
एका ठिकाणी राखणदार म्हणाला, फोटोला बंदी आहे,
मग विहिरीजवळ उभा राहून
स्वतःचा काढून घेतला त्यानं.

रात्री तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून
मी दाबायचो, आणि दिवा नेमका पलीकडं फिरलेला असायचा.
दोनशे बारा फोटो.
बहुतेकांत मनोरा उभा आहे
भाषणाला उठून पहिलं वाक्य विसरलेल्या माणसासारखा.

त्यातले चार भिंतीवर लावले.

नोव्हेंबरात इनास सोज आला, गांधी टोपीएवढी घडी केलेला
कागद खिशातून काढत.
"पेन्शनला फोटो पायजे. जिवंत हाय म्हणून."
स्टुलावर बसवला. हनुवटी वर.
फ्लॅश पडला की डोळे मिटायचा.
अकरा वेळा काढला, अकरा वेळा मिटले.

मग तो उठला, भिंतीपाशी गेला.
"हा कुठला?"
मी गावाचं नाव सांगितलं.
"नाव नको. किती सेकंदांचा?"
मला माहीत नव्हतं.
"अरे, अंधारात पाटी कोण वाचतंय?
बोटीवरचे मोजतात. मोजलं की कळतं, आपण कुठं आलो."

एकतीस वर्षं दिव्यावर होता.
भिंग मऊ फडक्यानं पुसायचं, एकाच दिशेनं.
आणि दिवसा पडदे ओढून ठेवायचे,
नाहीतर ऊन उलटं भिंगातून आत येतं,
दिव्यालाच जाळतं.
"तशी सवय लागली," डोळ्यांकडं बोट करून म्हणाला,
"बाहेरनं उजेड आला की पडदे."

फ्लॅश काढून ठेवला.
स्टूल दाराशी नेलं, उन्हं रुमेवाडीकडं कलली होती.
तो आपणहून मोजू लागला, ओठांत,
आणि सातावर मी दाबलं.

छान आला. डोळे उघडे, बुबुळात रस्ता,
रस्त्यात एक सायकल.

आठ दिवसांनी परत आला.
बँकेनं घेतला नाही, तोंड उघडं आहे म्हणाले.
मी पैसे नको म्हटलं. तो स्टुलावर बसला,
हनुवटी स्वतःच वर केली.
"या वेळी मनात मोजा."
"बरं."

तो गप्प. मी कॅमेऱ्यामागं.
बाहेर बेळगावची बस लागली, भरली, सुटली.
डोळे उघडेच होते त्याचे,
आणि कितीवर दाबायचं, ते मला कळत नव्हतं.