रकाना सहा

अर्जात सहावा रकाना होता : ‘कार्याचे स्वरूप’.
त्यात एक शब्द हवा होता, मराठी, सोमवारच्या आत.
मी लिपिक. रकाने भरणं माझ्याकडे.

मानशीवाडीच्या राईत रानजायफळं उभी आहेत
गुडघे चिखलाबाहेर काढून, श्वास घेत.
त्यांचं पाणी गोडं होतं.
आता दर उधाणाला खाडीचा बांध थोडा सैल होतो,
मानशीच्या फळ्यांतून खारं आत झिरपतं,
आणि खालच्या पानांच्या कडा
विझल्या विडीसारख्या काळ्या.

एकशे बारा रोपं, काळ्या पिशव्यांतली,
घाटाच्या पोटातल्या एका पऱ्ह्याकाठी न्यायची,
जिथे त्यांच्या कुळातलं कुणी कधी उगवलेलं नाही.
एवढंच. पण याला म्हणायचं काय?

आचरेकर मॅडम म्हणाल्या, साहाय्यित स्थलांतर.
मी लिहिलं. मग त्याच म्हणाल्या, थांबा,
स्थलांतर पाखरं करतात.
झाड करत नाही, आपण करवतो.
‘करवतो’वर कुणीतरी हसलं,
आणि मग खोलीत सगळ्यांनाच करवत ऐकू आली.

कोल्हापूरचे प्राध्यापक म्हणाले, वसाहत लिहा.
त्यात निदान धोका लपत नाही :
तिथल्या शेवाळाला, तिथल्या बेडकांना
आपण विचारलंय कुठे?
शिपाई दारातून म्हणाला,
वसाहत म्हणजे कुडाळची एमआयडीसी ना?

सोपा म्हणून मी ‘पुनर्वसन’ लिहिला.
तेव्हा सत्यभामा गवस बोलल्या,
रोजंदारीवर पिशव्या भरणाऱ्या, हाताला अजून माती.
“ह्यो शब्द झाडांका देव नको.
आमचो गाव धरणात गेलो तेव्हा ह्योच दिल्यानी.
एकतीस वर्सां झाली.
सातबाऱ्यार अजून बापाशीचा नाव चढूक नाय.”

मी व्हाइटनर लावला.
कागद त्या जागी जाड झाला, शब्दावर शब्द.

पास्कू फर्नांडिस होडी लावून खोळंबला होता,
भरती त्याच्यासाठी थांबणार नव्हती.
“तारली गेली. पेडवे गेले.
त्यांनी खंय फॉर्म भरलो?
झाडाक पाय नाय, म्हणान तुमका शब्द व्हयो.”

शेवटी राईत गेलो.
तिथलं वाळकं पानही कौलाशिवाय हलत नाही.
जिवाजी गुरवांनी पाषाणाला ओले कळे लावले.
डावा पडला. पुन्हा लावले.
उजवा पडायला पाऊण तास लागला,
आणि मॅडमनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग गुरवांनी देवाला विचारलं नाही
याला काय म्हणतात.
हात जोडून सांगितलं :
“बा देवा म्हाराजा,
ही तुझी लेकरां. तुझा पाणी खारा झाला,
म्हणान वयर नेतव.
पाणी गोडा झाला काय परत आणून ठेवतव,
ह्यो तुका शब्द देतव.”

परत.
अर्जात त्याचा रकाना नव्हता.
आमच्या एकाही शब्दात तो नव्हता.
आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या उधाणांचा तक्ता
मीच टाइप केला होता,
मला माहीत होतं पाणी कुठवर येणार आहे.
तरी सगळ्यांबरोबर मीही म्हणालो,
होय म्हाराजा.

होडीत पिशव्या मोजल्या : एकशे अकरा.
सत्यभामाबाई खाडीकडे बघत होत्या.
त्यांच्या न्हाणीमागे बारमाही ओल असते,
हे मला कुणी सांगायला नको होतं.
मी एकशे बारा लिहिले.

रकाना सहात लिहिलं :
‘सोबत जोडल्याप्रमाणे’.
सोबत काहीच जोडलं नाही.